नोबिताने उबवलेलं अंडं

मैत्रिणींनो, सुट्ट्या जवळ आल्या की तुमच्या पत्रांचा रंग बदलतो. लोणच्याला बुरशी का आली, पांढऱ्या साडीवरचा हळदीचा डाग कसा काढायचा, हे प्रश्न मागे पडतात आणि ‘मुलांचं काय करायचं?’ हा एकच प्रश्न निरनिराळ्या अक्षरांत येऊ लागतो. ह्या वेळी त्यातली दोन पत्रं मी बाजूला काढून ठेवली.

पहिलं पत्र तालुक्याच्या गावाहून आलंय. भगिनी लिहितात, ‘मुलगा तिसरीत आहे. शाळेतून आला की दप्तर फेकतो नि डोरेमॉन लावून बसतो. परवा गणिताची वही पुढे केली तर म्हणतो, माझ्याकडे डोरेमॉन असता तर त्याने खिशातून काहीतरी काढून दिलं असतं! हे कार्टून घरातून हद्दपारच करावं असं ह्यांचं म्हणणं. तुम्ही काय सांगता?’ दुसरं पत्र पुण्याहून. ‘सुट्टीत भाचरं जमणार आहेत, लहानमोठी सात. सगळ्यांना एकत्र बसवून दाखवता येईल आणि आम्हां मोठ्यांनाही जांभया येणार नाहीत असा एखादा सिनेमा सुचवा. उगीचची हाणामारी नको.’

दोघींना माझं उत्तर एकच आहे, म्हणून एकत्रच देते. डोरेमॉनचाच सिनेमा लावा. पण कुठलाही नव्हे, ‘नोबिताचा डायनासोर’ लावा, आणि मुलांना बसवून स्वयंपाकघरात पळू नका. स्वतःही बसा.

नाकं मुरडू नका हं! आधी ज्यांच्या घरी लहान मूल नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. डोरेमॉन म्हणजे बाविसाव्या शतकातून आलेला, कान नसलेला निळा यंत्रबोका. उंदराला घाबरणारा बोका! नोबिता नावाच्या एका आळशी, रडव्या, परीक्षेत भोपळा मिळवणाऱ्या मुलाचं भविष्य सुधारावं म्हणून त्याच्या नातवाच्या नातवाने त्याला पाठवून दिलेला असतो. पोटावरच्या खिशातून तो नाना वस्तू काढतो. डोक्यावर चिकटवली की उडता येईल अशी भिरभिरी, कुठेही उघडणारं दार, आणखी काय काय. हिरोशी फुजिमोतो ह्या जपानी चित्रकाराने ‘फुजिको फुजिओ’ ह्या नावाने १९६९ च्या डिसेंबरात लहान मुलांच्या सहा मासिकांतून एकाच वेळी ही चित्रकथा सुरू केली. १९७९ च्या एप्रिलपासून ती जपानी टीव्हीवर स्थिरावली, आणि आपल्याकडे २००५ पासून हिंदीत बोलू लागली. म्हणजे ज्या कार्टूनवरून आपण मुलांना रागावतो, ते वयाने आपल्यातल्या कितीतरी जणींच्या बरोबरीचं आहे!

आता तक्रारीकडे वळते. तक्रार अगदीच खोटी नाही. रोजच्या भागाचा साचा ठरलेला असतो. नोबिता काहीतरी उपद्व्याप करतो, आडदांड जियान त्याला बदडतो, श्रीमंत सुनियो नव्या खेळण्याचा तोरा मिरवतो, आणि नोबिता रडत घरी येऊन बोक्याच्या गळ्यात पडतो. मग खिशातून वस्तू निघते. आपल्या पोरांच्या लक्षात राहतं ते एवढंच. खरं पाहिलं तर बहुतेक गोष्टींत ती वस्तू नोबिता हावरटासारखी वापरतो आणि शेवटी ती त्याच्यावरच उलटते. पण तो शेवटचा अर्धा मिनिट येईपर्यंत आपण ‘जेवायला चला’ म्हणून टीव्ही बंद केलेला असतो! भाषेची गोष्ट मात्र मला जास्त खटकते. दिवसाचे दोन-तीन तास हिंदी कार्टून पाहणारी आपली मुलं खेळतानाही हिंदीत भांडतात. हा त्रास आपल्यालाच आहे असंही नाही. बांगलादेशात ह्याच कारणासाठी, मुलं बंगाली सोडून हिंदी बोलू लागली म्हणून, २०१३ साली सरकारने हिंदी डोरेमॉनवर बंदी घातली होती. बंदी घालून सुटेल असा हा प्रश्न मला वाटत नाही. तासांचा हिशेब मात्र आईनेच ठेवायला हवा. रोज एक भाग, फार तर दोन. त्यात हयगय नको.

पण सिनेमाची जात वेगळी आहे, आणि मला सांगायचंय ते तेच.

जपानमध्ये मार्चअखेर शाळेचं वर्ष संपतं, एप्रिलमध्ये नवं सुरू होतं. मधल्या वसंताच्या सुट्टीच्या बेताने डोरेमॉनचा नवा सिनेमा थिएटरांत लागतो. पहिला लागला १५ मार्च १९८० ला. तेव्हापासून २००५ आणि २०२१ ही दोन वर्षं सोडली तर दर वर्षी एक, असे २०२५ पर्यंत चव्वेचाळीस झाले. आपल्याकडे जशी दिवाळी अंकांची वाट पाहायची तशी तिथल्या घरांतून ह्या सिनेमाची वाट पाहतात. लहानपणी पहिला सिनेमा पाहिलेले आईबाप आता आपल्या मुलांना घेऊन जातात. फुजिमोतो ह्या सिनेमांसाठी आधी स्वतः लांबलचक चित्रकथा काढत आणि त्यावरून सिनेमा होई. १९९६ च्या सप्टेंबरात ते गेले तेव्हाही पुढच्या मार्चच्या सिनेमाची कथा त्यांच्या हातात अर्धी होती.

सिनेमा तास-दीड तासाचा किंवा त्याहूनही मोठा. खिशातून वस्तू काढली आणि संकट टळलं असं झालं तर पंधराव्या मिनिटाला सगळे घरी! म्हणून ह्या सिनेमांत वस्तू मोडतात, हरवतात, त्यांची शक्ती संपते. मुलं घरापासून लांब अडकतात आणि मग त्यांना चालावं लागतं, थांबावं लागतं, एकमेकांना धरून राहावं लागतं. रोजच्या भागात नोबिताला चोपणारा जियान सिनेमात त्याच्यासाठी छातीचा कोट करतो. जपानी लोक ह्यावरून थट्टा करतात म्हणे, की एखादा दांडगट अचानक भल्यासारखा वागला तर त्याला ‘सिनेमातला जियान’ म्हणायचं. तेव्हा पहिल्या भगिनींना सांगते, तुमच्या मुलाने आजवर अर्धाच नोबिता पाहिलाय. उरलेला अर्धा सिनेमात आहे.

आता ‘नोबिताचा डायनासोर’. हाच तो १९८० चा पहिला सिनेमा. त्याची मूळ छोटी गोष्ट १९७५ ची.

सुरुवात होते ती बढाईने. सुनियो डायनासोरच्या नखाचं जीवाश्म दाखवून शेखी मिरवतो. नोबिताला राहवत नाही. तो म्हणतो, मी अख्खा डायनासोर शोधून दाखवीन, नाही दाखवला तर नाकाने स्पॅगेटी खाईन! आपल्याकडे मिशा उतरवून देतात तसंच. आता पंचाईत. डोरेमॉन मदत करत नाही, उलट झापतो, ‘बोलण्याआधी विचार करत जा.’ मग हा मुलगा काय करतो? चक्क पुस्तकं काढून वाचत बसतो. कुदळ घेऊन टेकडी खणायला जातो. हे पाहून डोरेमॉनला वाटतं, आपण उगीच बोललो, आता मधे पडायचं नाही, नुसतं मायेच्या नजरेने पाहत राहायचं. आणि तो डोळे असे काही विचित्र वाकडे करून पाहायला लागतो की नोबिताच घाबरतो! ह्या जागी मुलं हसून लोळतात. मला हसू आलं ते निराळ्याच कारणाने. मुलाला त्याचं त्याचं करू द्यायचं ठरवून, पुस्तक हातात धरून, डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्या वहीकडे पाहत बसलेल्या आपण सगळ्या तेव्हा अशाच दिसत असणार!

टेकडीची माती खालच्या एका घरावर पडते. तो गृहस्थ चिडून नोबिताला कचरा पुरायला खड्डा खणायला लावतो, आणि त्या शिक्षेच्या खड्ड्यात त्याला सापडतो अंड्यासारखा एक दगड. डोरेमॉनच्या खिशात एक फडकं असतं. जपानी बायका डबा, कपडे, भेटवस्तू बांधायला ‘फुरोशिकी’ नावाचं चौकोनी फडकं वापरत आल्या आहेत, आपण बोचकं बांधतो तसंच. त्या फडक्यात गुंडाळलेल्या वस्तूचं वय मागे जातं किंवा पुढे सरकतं. अशी युक्ती ज्याला सुचली त्याने घरातली बाईमाणसं नीट पाहिली असणार असं मला उगीचच वाटतं. असो. दगड फडक्यात बांधला, काळ मागे गेला, आणि दगडाचं ताजं अंडं झालं.

इथून पुढची वीसेक मिनिटं माझ्या मते सिनेमाचा जीव आहेत. मुलं धावपळीची वाट पाहत असतात, त्यामुळे त्यांना हा भाग संथ वाटेल. वाटू दे. नोबिता अंडं कुशीत घेऊन पांघरुणात पडून राहतो. खेळायला जात नाही. एका जागी पाच मिनिटं न टिकणारा हा पोरगा अंडं उबवायला निश्चल पडून राहतो! पिल्लू निघतं आणि पहिल्यांदा ज्याचं तोंड दिसलं त्यालाच आई समजून चिकटतं. त्याचं नाव ‘पीसुके’. नोबिताच्या वडलांचं नाव नोबिसुके, तेव्हा नाव कसं घराण्याला धरून झालं. मग आपल्याला पाठ असलेलं सगळं सुरू होतं. ते खाईना म्हणून जीव खालीवर, ते खायला लागलं म्हणून आनंद, मग खातंय ते पुरेना म्हणून धावाधाव. आणि हे सगळं लपूनछपून, कारण नोबिताची आई तामाको घरात जनावर पाळू देत नाही. पोरगं माडीवर आई होऊन बसलंय, नि खरी आई खाली स्वयंपाकघरातून ‘अभ्यास झाला का?’ म्हणून विचारते आहे!

पिल्लू वाढतं. घरात मावेना म्हणून रात्री नेऊन बागेच्या तळ्यात ठेवतात. मग गावात कुजबुज, वर्तमानपत्रात बातमी. पैसे देऊन ते विकत घ्यायला टपलेला एक काळ्या मुखवट्याचा माणूस उगवतो. शेवटी नोबिता ठरवतो की पीसुके त्याच्या स्वतःच्या काळात सुखरूप राहील. कालयंत्रातून दहा कोटी वर्षं मागे जाऊन तो त्याला समुद्रात सोडून येतो. ते पिल्लू मागे मागे पोहत येतं आणि हा तोंड फिरवून निघतो. मुलाला पहिल्यांदा बालवाडीच्या दारात सोडून, मागे वळून पाहायचं नाही असं ठरवून चालू लागलेल्या आईला ह्या दृश्याबद्दल मी काय वेगळं सांगणार?

साध्या गोष्टीत इथे ‘समाप्त’ आलं असतं. १९७५ च्या छोट्या गोष्टीचा गाभा एवढाच. सिनेमासाठी फुजिमोतोंनी पुढचं रचलं, आणि ते रचलंय मोठं मार्मिक. घरी येऊन पाहतात तर पीसुके भलत्याच जातीच्या प्राण्यांत एकटा पडलाय, ते त्याला हुसकावताहेत. मुखवटेवाल्याच्या हल्ल्यात कालयंत्र बिघडलं होतं, त्यामुळे पिल्लाला सोडलं ते जपानच्या समुद्रात नव्हे, पार अमेरिकेच्या किनाऱ्याला! सोडण्यात चूक नव्हती, जागा चुकली. तेव्हा पुन्हा जायचं. ह्या वेळी नोबिता, डोरेमॉन, शिझुका, जियान आणि सुनियो, पाचही जण. आणि तिथे गेल्यावर यंत्र असं मोडतं की ते जागेवरून हलू शकत नाही. त्याचं तोंड उघडतं नोबिताच्या टेबलाच्या खणात. म्हणजे दहा कोटी वर्षांनी जिथे ते टेबल असणार, तिथपर्यंत यंत्र वाहून न्यायचं! अमेरिकेपासून जपानपर्यंत, डायनासोरांच्या राज्यातून. डोक्यावरच्या भिरभिऱ्यांची शक्ती संपत आलेली, मधूनमधून त्यांना विश्रांती द्यावी लागते. उरलेलं पायी.

भाचरं खूश होतील तो हाच भाग. भलामोठा टायरॅनोसॉरस आहे, उडते सरडे आहेत, शिकारी मागावर आहेत. मी पळते घेते. फक्त एका जागी थांबते. मुखवटेवाला सौदा पुढे ठेवतो. पिल्लू द्या, मी तुम्हांला घरी पोचवतो. मुलं थकलेली, घरची आठवण काढून रडकुंडीला आलेली. सुनियोचं मन डळमळतं. त्याला खलनायक ठरवू नका हं, आपल्या मुलांपैकी निम्मी तेच म्हणतील आणि त्यात काही चूक नाही. नोबिताला तर कळतच नाही काय करावं. पिल्लू आपलं आहे म्हणून मित्रांनी का मरायचं? तेव्हा तोंड उघडतो तो जियान. वाटेत त्याच्यावर जिवावरचा प्रसंग आला होता, तेव्हा ह्या घाबरट नोबिताने त्याचा हात सोडला नव्हता. ते तो विसरलेला नाही. तो एवढंच म्हणतो, की मी नोबिताबरोबर चालत जाईन. भाषण नाही, गाणं नाही. माझ्या शेजारी एक दहा वर्षांचा दांडगोबा बसला होता, वर्गातल्यांना बुकलण्यात पटाईत. इतका वेळ चिवडा चावणारं त्याचं तोंड एकदम थांबलं.

पुढे शिकारी पकडले जातात, काळाचे पोलीस येतात आणि पीसुके त्याच्या जातभाईंमध्ये पोचतो. पुन्हा एकदा निरोप. ह्या वेळी जागा बरोबर असते, म्हणून तर जास्त रडू येतं. नोबिताने त्याला एकदा घालवलं होतं ते नाइलाजाने, आता पोचवलं ते जबाबदारीने. मुलगी शिकायला परगावी पाठवलेल्या आयांनी हातरुमाल जवळ ठेवावा.

आता एक शास्त्रातली गंमत. सातजणांतला एखादा चष्मिष्ट भाचा नक्की म्हणेल, ‘पीसुके डायनासोर नाहीच मुळी!’ तो बरोबर आहे. पीसुके आहे लांब मानेचा, वल्ह्यांसारख्या पायांचा समुद्री सरपटणारा प्राणी, प्लेसिओसॉर जातीचा. १९६८ साली जपानच्या फुकुशिमा भागातल्या इवाकी इथे तादाशी सुझुकी नावाच्या एका शाळकरी मुलाला नदीकाठच्या खडकात ह्या प्राण्याची हाडं सापडली. हायस्कुलात शिकणारा मुलगा, बरं का! जपानमध्ये केवढी खळबळ उडाली असेल. टेकडी खणणाऱ्या नोबिताच्या गोष्टीत वाचणाऱ्या मुलांना हा सुझुकी दिसला नसेल असं म्हणवत नाही. ‘फुताबासॉरस’ म्हणून तो प्राणी ओळखला जाऊ लागला. पण शास्त्रज्ञांनी त्याचा रीतसर अभ्यास प्रसिद्ध करून ‘फुताबासॉरस सुझुकीई’ हे नाव पक्कं केलं ते २००६ मध्ये, म्हणजे अडतीस वर्षांनी! आणि आणखी एक. ह्या जातीचे प्राणी अंडी घालत नसत, पिलांनाच जन्म देत असत, असं दाखवणारा पोटुशा मादीचा सांगाडा शास्त्रज्ञांनी २०११ साली जगापुढे मांडला. तेव्हा नोबिताने उबवलेलं अंडं शास्त्राला धरून नाही. पण १९८० साली हे कोणाला ठाऊक होतं? भाच्याला शाबासकी द्या नि म्हणावं, आता गप्प बसून बघ.

हा सिनेमा तीन रूपांत मिळू शकतो, म्हणून घोटाळा नको. १९८० चा दीड तासाचा, त्याची चित्रं आज साधी वाटतील. २००६ साली तोच नव्याने केला, पावणेदोन तासांचा. २००५ मध्ये जपानी मालिकेतले सगळे आवाज बदलले. सव्वीस वर्षं डोरेमॉनला आवाज देणाऱ्या नोबुयो ओयामा निवृत्त झाल्या (२०२४ मध्ये त्या वारल्या). त्यानंतरचा हा पहिला सिनेमा, आणि नव्या मंडळींनी सुरुवातीला हीच गोष्ट निवडली. हात थरथरल्यासारखी जिवंत रेघ आहे त्यातली. भाचरांसाठी मी हाच सुचवीन.

तिसरा आहे २०२० चा ‘नोबिताचा नवा डायनासोर’. मार्चमध्ये यायचा तो करोनामुळे ऑगस्टात आला. गोष्ट वेगळी आहे, ह्यात अंड्यातून जुळी निघतात, क्यू आणि म्यू. म्यू चपळ, खाण्यापिण्याची तक्रार नाही, भराभर हवेत तरंगायला शिकते. क्यू किरटा, शेपूट आखूड, त्याला काही केल्या जमत नाही. आणि इकडे नोबिताला शाळेत लोखंडी दांड्याला लटकून उलटं फिरायचा व्यायाम जमत नाही, सगळी मुलं हसतात. तोच नोबिता क्यूला शिकवताना काय करतो? चिडतो! ‘म्यूला जमतं, तुला का नाही?’ ह्या धर्तीवर. जे बोलणं आयुष्यभर स्वतः ऐकलं तेच तोंडातून बाहेर येतं. ज्यांच्या घरी दोन मुलं आहेत त्यांनी हा प्रसंग जरूर पाहावा, आणि शक्यतो मोठ्याच्या नि धाकट्याच्या मधे बसून पाहावा. माझ्या एका मैत्रिणीच्या धाकट्या मुलीने ह्या जागी आईकडे वळून नुसतं पाहिलं. काही बोलली नाही. मैत्रीण सांगते, त्या दिवसापासून ताईच्या प्रगतिपुस्तकाचा विषय धाकटीसमोर निघत नाही. क्यूचं पुढे काय होतं ते मी सांगत नाही. इतकंच सांगते की पक्षी कुठून आले ह्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे.

नोबिताच्या आईबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ही तामाको रोजच्या भागांत फक्त ओरडायला येते. शून्य मार्कांचा पेपर, बाजारातून सामान आण, खोली आवर. सिनेमात तर तिला काही पत्ताच नसतो. मुलगा दहा कोटी वर्षं फिरून येतो नि ही विचारणार जेवायला बसतोस ना! आयांना एवढं बाजूला ठेवल्याशिवाय मुलांचं साहस होतच नाही का? मग वाटतं, नसेलही होत. आपणसुद्धा लहानपणी चिंचेच्या झाडावर जे जे केलं ते आईला कुठे सांगितलं होतं! आणि जेवण तयार असलेलं ते घर मागे आहे, म्हणून तर पोरं एवढ्या लांब जायला धजावतात. पण तामाकोला एखाद्या सिनेमात तरी माडीवर चढवायला हवं होतं, हे माझं म्हणणं कायम.

आता घरातल्या सोयीचं. हे सिनेमे आपल्याकडे हिंदीतून कार्टूनच्या वाहिन्यांवर सुट्ट्यांत लागत आले आहेत. वाहिनीवर पाहणार असाल तर जाहिरातींनी वेळ वाढेल, तेव्हा दुपारची जेवणं उरकून बसा. पाचाच्या आतलं मूल असेल तर टायरॅनोसॉरसच्या वेळी मांडीवर घ्या. मधे मधे मराठीतून विचारत राहा, ‘आता काय होईल रे?’ मुलं उत्तर आपोआप मराठीत देतात. भाषेच्या काळजीवर मला तरी एवढाच उपाय सापडलाय.

आणि खायला डोरायाकी करा, हिंदीत ज्याला ते डोराकेक म्हणतात ते. डोरेमॉनचा जीव की प्राण! दोन अंडी आणि अर्धी वाटी पिठीसाखर चांगली फेसा, चमचाभर मध घाला. एक वाटी मैदा चाळून मिसळा. पाव चमचा खायचा सोडा दोन-तीन चमचे पाण्यात विरघळवून त्यात घाला आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा. तव्याला तेलाचं फडकं फिरवून मंद आंचेवर पळीभर पिठाचे जाडसर गोल घाला. वर बुडबुडे फुटले की उलटा. पसरायचे नाहीत, आपोआप गोल होतात. जपानी लोक दोन गोलांमध्ये गोड केलेल्या लाल अझुकीचं पुरण भरतात. आपण लाल चवळी मऊ शिजवून, साखर घालून पुरणासारखी आटवावी. वेलची घालू नका, चव बदलते. हरभऱ्याच्या डाळीचं पुरणही चालतं, पण मग ती पुरणपोळीच वाटते, असं माझ्या जावेचं मत. सात मुलांना वरचं प्रमाण दुप्पट घ्या. ज्यांच्याकडे अंडं चालत नाही त्यांनी अर्धी वाटी ताक वापरावं, जाळी थोडी कमी पडते इतकंच.

पहिल्या भगिनींना एक जादा सूचना. सिनेमा संपल्यावर मुलाला ‘ह्यातून काय शिकलास?’ असं विचारू नका, त्याचा आनंद जाईल. दुसऱ्या दिवशी वही उघडून बसवा आणि गणितं त्यालाच करू द्या. जवळ बसून मटार सोला, आणि डोरेमॉनने पाहिलं होतं तशा नजरेने पाहा. तो हसला तर समजा लक्षात राहिलंय. यजमानांनाही सिनेमाला बसवा. हद्दपारीचा विचार त्यानंतर करता येईल.

पुढच्या आठवड्यात वाळवणांची पत्रं घेणार आहे. कुरडया काळ्या पडतात अशी तक्रार पाच जणींनी केली आहे. गहू किती दिवस भिजवता नि पाणी केव्हा बदलता ते कळवायला विसरू नका.